गॅरेजचा दरवाजा पुन्हा पुन्हा अर्ध्यात अडतो? मोटरच्या आधी दरवाजा हाताने उचलून बघा

बटण दाबलं. दरवाजा उठला, कमरेपर्यंत आला, मोटरचा आवाज जड झाला आणि सगळं तिथेच थांबलं. पुन्हा दाबलं तर खाली गेला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा काहीच घडलं नसल्यासारखा सरळ वर गेला. मग चार-पाच दिवस शांतता, आणि नेमकी घाई असेल त्या सकाळी पुन्हा तेच.

हे दुखणं ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुरुस्तीवाला समोर उभा असताना दरवाजा शहाण्यासारखा चालतो, आणि तो गेला की दोन दिवसांत अडतो. आमच्याकडे हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. तेवढ्यात मोटरच्या पेटीवरचे जोर वाढवायचे स्क्रू तीनदा फिरवले गेले, दोनदा दुरुस्तीला आलेल्या माणसाने आणि एकदा मी. प्रत्येक वेळी महिना-दोन महिने बरं चाललं. पुढे मोटरच्या आतलं नायलॉनचं दातेरी चक्र झिजलं आणि त्याचा पांढरा भुसा खाली गाडीच्या टपावर सांडायला लागला. ते बदललं. आठ महिन्यांत दुसरंही तसंच गेलं.

मोटरमध्ये मुळात काही बिघाड नव्हता. हा त्रास सुरू व्हायच्या महिनाभर आधी मी दरवाजाला आतून फोमचे तक्ते आणि त्यावर पातळ प्लायवूड बसवलं होतं, उन्हाची धग कमी व्हावी म्हणून. दरवाजा बारा-तेरा किलोंनी जड झाला होता आणि त्याला तोलणाऱ्या स्प्रिंगा मात्र जुन्या वजनाच्याच होत्या. या दोन गोष्टींचा संबंध मला दिसला नाही, आणि दुरुस्तीला येणाऱ्या कोणी विचारलंही नाही की दरवाजात मध्यंतरी काही बदल केलात का. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

वजन कोण उचलतं

घरगुती गॅरेजचा आज सर्रास दिसणारा दरवाजा म्हणजे एकावर एक रचलेल्या चार-पाच आडव्या फळ्या. त्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात, दोन्ही कडांना रोलर असतात आणि ते रोलर चौकटीपासून छताकडे वळणाऱ्या ट्रॅकमधून धावतात. वर सरकणारा हा दरवाजा अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणला आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटरही जोडली. रचना तेव्हापासून मुळात तीच आहे.

एका गाडीपुरता पत्र्याचा दरवाजा साधारण ४० ते ७० किलो भरतो. दोन गाड्यांचा रुंद दरवाजा शंभर किलोंच्या आसपास किंवा वर जातो, आणि लाकडी असला तर आणखी जड. हे ओझं तोलण्याचं काम स्प्रिंगचं असतं. काही दरवाजांत चौकटीच्या वर आडवा दांडा असतो, त्यावर स्प्रिंग पिळून बसवलेली असते आणि दांड्याच्या दोन्ही टोकांच्या ड्रमवरून पोलादी तारा खाली दरवाजाच्या तळाच्या कोपऱ्यांपर्यंत येतात. दरवाजा खाली येताना स्प्रिंगचा पीळ वाढतो, वर जाताना ती पीळ सोडत तारा गुंडाळते. दुसऱ्या प्रकारात लांब स्प्रिंगा वरच्या आडव्या ट्रॅकच्या बाजूने ताणलेल्या असतात. प्रकार कोणताही असो, तोल बरोबर जमला असेल तर शंभर किलोंचा दरवाजाही चार-पाच किलोंच्या जोरावर उठतो, मोटरला तेवढाच जोर लावायचा असतो. तिच्या आतली चक्रं तेवढ्याच कामासाठी बनवलेली असतात.

तोल बिघडला की उरलेलं ओझं मोटरवर पडतं. ती ते काही दिवस ओढते, कारण तिच्यात थोडी ताकद शिल्लक असते. मग थंडीत ग्रीस घट्ट होतं, पावसात लाकूड पाणी पितं, विजेचा दाब थोडा कमी असतो, आणि ती शिल्लक संपते. त्या दिवशी दरवाजा अडतो. दोष येतो-जातो तो यामुळे, आणि स्क्रू फिरवल्यावर तात्पुरता बरा होतो तोही यामुळेच.

आधी दोन प्रश्न, मग पाना

मोटरचं झाकण उघडण्याआधी आठवडाभर एक कागद गॅरेजच्या भिंतीला चिकटवून ठेवा. दरवाजा अडला की तीन गोष्टी लिहायच्या: वर जाताना की खाली येताना, जमिनीपासून किती उंचीवर, आणि किती वाजता. हवा कशी होती तेही लिहिलंत तर उत्तम. एवढ्या चिठ्ठीवरून बहुतेक दोषांचा माग लागतो.

वर जाताना थांबत असेल तर संशय वजनावर, म्हणजे स्प्रिंगवर. खाली येताना मध्येच परत फिरत असेल तर संशय सेन्सरवर किंवा ट्रॅकमधल्या अडथळ्यावर. दर वेळी त्याच उंचीवर अडत असेल तर तिथला एखादा रोलर, बिजागरी किंवा ट्रॅकचा सांधा तपासा. आणि जमिनीला टेकल्यावरच उलटा फिरत असेल तर खाली थांबण्याची मर्यादा चुकीची लागली आहे: मोटरला वाटतं अजून खाली जायचंय, जमीन तिला अडथळा वाटते.

हाताने उचलायची परीक्षा

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. पण त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा, यात तडजोड नको.

दरवाजा पूर्ण खाली, जमिनीला टेकलेला असला पाहिजे. आणि मोटरपासून दरवाजा सोडवणारी लाल दोरी ओढण्याआधी स्प्रिंगकडे नीट बघा. वेढ्यांच्या रांगेत मध्येच दोन-तीन बोटांची फट दिसली तर स्प्रिंग तुटलेली आहे. एखादी तार सैल लोंबत असेल किंवा ड्रमवरून उतरली असेल तर तेही तितकंच गंभीर. अशा वेळी दोरीला हात लावू नका, बटणही दाबू नका. दरवाजा वर अडकलेला असताना आणि स्प्रिंग तुटलेली असताना दोरी ओढली, तर सगळं वजन एका क्षणात खाली येतं. खाली कोण उभं आहे हे त्या दरवाजाला कळत नाही.

सगळं जागेवर दिसलं तर दोरी ओढा आणि दरवाजा हँडलला किंवा खालच्या कडेला धरून सावकाश उचला. बोटं फळ्यांच्या सांध्यांत कधीच जाऊ देऊ नका, ते सांधे वळणावर कातरीसारखे मिटतात. गुडघ्यापर्यंत उचलून हात सैल करा, काढून घेऊ नका. मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग पूर्ण वर.

नीट तोललेला दरवाजा कमरेच्या उंचीवर जिथे सोडाल तिथे उभा राहतो, फार तर इंच-दोन इंच सरकतो. खाली घसरायला लागला तर स्प्रिंगचा जोर कमी पडतोय. आपोआप वर चढायला लागला तर जोर जास्त आहे, आणि असा दरवाजा बंद होताना कुरबुर करतो. सगळीकडे हलका पण एकाच जागी खटकन अडखळत असेल तर स्प्रिंग बरी आहे, वाट खराब आहे. आणि हाताने पहिल्यापासून शेवटपर्यंत लोण्यासारखा चालत असेल, तरच मोटर आणि तिच्या तारा तपासायला घ्या.

आकडा हवा असेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा हँडलला अडकवा आणि त्यानेच दरवाजा जमिनीवरून उचला. आमच्याकडे काटा १६ किलो दाखवत होता. दीड वर्ष ती मोटर दर वेळी तेवढं ओढत होती. तो आकडा बघितल्यावर मला तिच्यावर काढलेल्या रागाचं वाईट वाटलं.

परीक्षा झाली की दरवाजा खाली आणून बटण दाबा. बहुतेक मोटरींत सुटलेली कडी आपोआप पुन्हा अडकते, काहींत आधी दोरी उलट्या दिशेला ओढावी लागते.

जोराचे स्क्रू फिरवू नका

या दुखण्यावर सगळ्यात आधी सुचवला जाणारा उपाय हाच असतो, आणि तो मला आज धोकादायक वाटतो. मोटरवर वर जाण्याचा आणि खाली येण्याचा जोर सहसा वेगवेगळा ठरवता येतो. नव्या मोटरींत स्क्रूऐवजी बटण दाबून मोटरला तो शिकवतात. हा जोर म्हणजे किती अडथळा आल्यावर थांबायचं याची मर्यादा. ती वाढवली की दरवाजा जड असला तरी ढकलला जातो, आणि मध्ये कोणी असलं तरीही ढकलला जातो.

आमचे दोन्ही स्क्रू वाढवलेले होते. तिसऱ्या वेळेनंतर एका संध्याकाळी मी दरवाजाखाली लाकडाची फळी आडवी ठेवून बटण दाबलं. दरवाजा फळीवर टेकला आणि थांबलाच नाही. मोटर दाबत राहिली, दरवाजाची सगळ्यात वरची फळी धनुष्यासारखी वाकली, मग कुठे ती बंद पडली. त्याच दाराखालून आमची मुलगी रोज सायकल काढायची. त्या रात्री मला झोप आली नाही.

ही चाचणी प्रत्येकाने करावी. साधारण ४ सेंटिमीटर जाडीची फळी दरवाजाच्या मधोमध जमिनीवर सपाट ठेवा आणि दरवाजा बटणाने बंद करा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत तो उलटा वर गेला पाहिजे. गेला नाही तर जोर कमी करा, खाली थांबण्याची मर्यादा तपासा, आणि तरीही परतत नसेल तर मोटर बंद ठेवून दरवाजा हाताने वापरा, दुरुस्त होईपर्यंत. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना या उलट फिरण्याशिवाय दुसरं संरक्षणही सक्तीचं झालं, म्हणूनच दाराच्या दोन्ही बाजूंना ते प्रकाशकिरणाचे डोळे, म्हणजे सेन्सर, दिसतात. तुमची मोटर त्याहून जुनी असेल आणि डोळे नसतील, तर ती चालू असली तरी बदला.

स्प्रिंग: काय समजून घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही

साधी स्प्रिंग सहसा १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एक फेरी म्हणजे एकदा उघडणं आणि एकदा बंद होणं. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर वर्षाला १,४६०, म्हणजे सुमारे सात वर्षं. मोठ्या कुटुंबात दिवसाला आठ फेऱ्या सहज होतात, मग साडेतीन वर्षांतच ती थकते. गंज चढला तर त्याहून आधी. दोन स्प्रिंगा असतील आणि एक तुटली तर दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या असतात, म्हणून जोडीने बदलणं शहाणपणाचं. थोडं जास्त पोलाद घालून २०-२५ हजार फेऱ्यांच्या स्प्रिंगाही मिळतात. दार दिवसभर चालू-बंद होत असेल तर त्याच घ्या.

बदलायचं काम मात्र स्वतः करू नका. सव्वादोन मीटरच्या आतल्या उंचीच्या दरवाजाची वरची स्प्रिंग साधारण साडेसात वेढे पिळलेली असते आणि त्या पिळात दरवाजाचं जवळजवळ सगळं वजन साठलेलं असतं. पीळ देण्या-काढण्यासाठी तिच्या टोकाच्या भोकांत नेमक्या मापाचे दोन पोलादी गज आलटून पालटून घालतात. गजाऐवजी स्क्रूड्रायव्हर घातला, तो निसटला, आणि मनगट किंवा चेहरा जायबंदी झाला, असे अपघात या कामात होत आले आहेत. तसंच दरवाजाच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांतली पट्टी, जिला तार अडकवलेली असते, तिचा एकही बोल्ट सैल करू नका. बऱ्याच दरवाजांवर ती लाल रंगवलेली असते, ती याच कारणासाठी. आणि लांब ताणलेल्या स्प्रिंगा असतील तर त्यांच्या पोटातून सुरक्षा-तार ओवलेली आहे का ते बघा. नसेल तर ओवून घ्या. स्प्रिंग तुटली तर ती तार तिला भिरकावू देत नाही.

स्वतः करायचं काम नसलं तरी माहिती हवी, कारण चुकीची दुरुस्ती इथेच होते. वजन वाढलेल्या दरवाजाला जुन्याच स्प्रिंगेत अर्धा-एक वेढा जास्त देऊन मोकळं होणं हा सोपा मार्ग आहे. दरवाजा खाली हलका लागतो, सगळे खूश होतात. पण वर गेल्यावरही तो जादा पीळ शिल्लक राहतो, दरवाजा शेवटी धडकन वर आपटतो, आणि जास्त ताणलेली स्प्रिंग लवकर तुटते. काही महिन्यांत तुम्ही पुन्हा जिथे होतात तिथेच. वापराने थोडी ढिली पडलेली स्प्रिंग पाव-अर्ध्या वेढ्याने सावरते, पण वजनच बदललं असेल तर स्प्रिंगही बदलावी लागते.

शेवटी ज्याने आमचा दरवाजा बरा केला त्याने आधी स्प्रिंगांचा पीळ पूर्ण काढला, दरवाजा खाली दोन वजनकाट्यांवर टेकवला, आकडे जोडले, आणि त्या वजनाला साजेशी जोडी बसवली: तारेची जाडी, आतला व्यास, लांबी, डाव्या-उजव्या पिळाची दिशा, सगळं बघून. वजन न करता अंदाजाने स्प्रिंग घालणाऱ्याला थांबवून विचारा की आकडा कुठून आला. काम झाल्यावर लटकता काटा लावला तर ४ किलो. त्याने जोराचे स्क्रू मूळ जागी आणले, फळीची चाचणी दाखवली, मगच हत्यारं आवरली.

वजन गुपचूप कसं वाढतं

माझं प्लायवूड उघड होतं. पण वजन वाढायचे दुसरे मार्ग डोळ्यांना दिसत नाहीत. लाकडी दरवाजाचा पुढचा भाग लोक हौसेने रंगवतात आणि तळाची कड कोरडीच राहते, कारण ती रंगवायला दरवाजा अर्धा उचलून खाली वाकावं लागतं. पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो. मग दर पावसाळ्यात दरवाजा अडतो आणि ऊन पडलं की सुधारतो. असं चक्र दिसलं तर स्प्रिंग बदलू नका. दरवाजा कोरडा होऊ द्या, तळ आणि चारही कडा घासून दोन हात वॉर्निश किंवा रंग द्या.

रंगाचे थरावर थर, नंतर बसवलेली काच, वाकलेल्या फळीला आधार म्हणून ठोकलेली लोखंडी पट्टी, आतल्या बाजूला सोयीसाठी अडकवलेले हुक आणि त्यावरची अवजारं, हे सगळंही दरवाजाच रोज उचलतो. थंडीच्या प्रदेशात आणखी एक गंमत होते, खरं तर गंमत नव्हे, नुकसानच: तळाची रबरपट्टी जमिनीवरच्या बर्फाला चिकटते. तेव्हा बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर पट्टी फाटते नाहीतर वरची फळी वाकते. कोमट पाण्याने किंवा गरम हवेने सोडवा, खालची जागा पुसून कोरडी करा, मग उघडा.

खाली येताना परत फिरतो, तेव्हा

दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून फार तर १५ सेंटिमीटरवर ते डोळे असतात. एक अदृश्य किरण पाठवतो, दुसरा घेतो. किरण तुटला की दरवाजा परत वर जातो. तो तोडायला मांजर लागत नाही, कोळ्याचं जाळं, धूळ, कोपऱ्यात कलंडलेला झाडू पुरतो. दोन्हींवर छोटे दिवे असतात. ते स्थिर जळायला हवेत, एखादा लुकलुकत असेल किंवा विझला असेल तर डोळे एकमेकांसमोर नाहीत. मऊ कापडाने पुसा, पकडपट्टीचा नट किंचित सैल करून डोळा हलवत दिवा स्थिर होईल तिथे आवळा. दरवाजाच्या कंपनाने ही पट्टी सैल होत राहते, म्हणून हा दोषही परत येणारा.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. दरवाजा नजरेसमोर ठेवून आणि खाली कोणी नाही हे बघून भिंतीवरचं बटण दाबून धरा. दाबून धरल्यावर दरवाजा पूर्ण बंद होतो आणि एकदा दाबून सोडल्यावर परत जातो, तर दोष बहुतेक डोळ्यांचाच.

आता तुमच्या चिठ्ठीतली वेळ बघा. रोज ठराविक वेळीच, उतरत्या किंवा कोवळ्या उन्हात परत फिरत असेल, तर ऊन थेट किरण घेणाऱ्या डोळ्यात जातंय. बहुतेक प्रकारांत दोन डोळ्यांची अदलाबदल करता येते, घेणारा सावलीच्या बाजूला न्या. नाहीतर त्याच्याभोवती पुठ्ठ्याची किंवा पाइपच्या तुकड्याची छोटी नळी बसवा. डोळे निरोगी असूनही दोष टिकला तर त्यांच्याकडे जाणारी बारीक वायर हाताने माग घेत बघा, भिंतीला ठोकलेल्या पिनेखाली ती अनेकदा चिरडलेली सापडते. किरण कायमचा टाळून दरवाजा चालवायची शक्कल कोणी सांगितली तर ऐकू नका.

ट्रॅक, रोलर आणि बिजागरीवरचा आकडा

दर वेळी त्याच उंचीवर अडतो त्यांच्यासाठी. दरवाजा हाताने त्या जागेपर्यंत नेऊन थांबा आणि प्रत्येक रोलर बघा. चाक डुगडुगतंय का, काठ तुटलाय का, ट्रॅकच्या पत्र्याला कुठे चोच पडलीय का. गाडीचा हलका धक्काही ट्रॅकला चेपवतो. ट्रॅक भिंतीला धरणारे बोल्ट आवळा, ओळंबा सोडून उभा ट्रॅक डावीकडे-उजवीकडे कललाय का ते तपासा. मात्र तो चौकटीपासून वर जाताना किंचित दूर होत जातो, ते मुद्दाम असतं, ते सरळ करायला जाऊ नका.

याच कारणामुळे दरवाजाच्या कडेच्या बिजागऱ्या सारख्या नसतात. त्यांवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. १ नंबरची सगळ्यात खालच्या सांध्याला, मग चढत्या क्रमाने. आकडा वाढतो तशी रोलरची जागा फळीपासून दूर जाते. तुटलेल्या २ च्या जागी हाताशी आलेली १ लावली की ती फळी चौकटीला घासत राहते, रोलर चिमटतो, आणि दोष कितीही तेल घातलं तरी जात नाही. जुन्या दरवाजात हे आकडे एकदा खालून वर वाचून घ्या. रोलर बदलताना सगळ्यात खालचे दोन सोडा, ते तार अडकवलेल्या, ताण असलेल्या तळाच्या पट्टीतच बसलेले असतात.

वंगण वर्षातून दोनदा: बिजागऱ्यांचे खिळे, रोलरचे बेअरिंग, स्प्रिंगचे वेढे. सिलिकॉनचा स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस वापरा. गंज सोडवायचा साधा स्प्रे वंगण नव्हे, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. ट्रॅकच्या आत काहीही लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा. तिथलं ग्रीस धुळीला धरून ठेवतं आणि रोलर फिरायचे सोडून घसटत जातात.

मोटर गुंगुं करते आणि दरवाजा हलत नाही, खाली पांढरा भुसा दिसतो, तर दातेरी चक्र गेलंय. ते बदला, पण वरची हाताने उचलायची परीक्षा झाल्याशिवाय नवं घालू नका. रिमोट जवळूनच चालायला लागला तर बॅटरी बदला, आणि तरी नाही तर मोटरमध्ये नुकताच बसवलेला एलईडी बल्ब काढून बघा. काही बल्ब रिमोटच्या लहरींत व्यत्यय आणतात.

दरवाजाच बदलायची वेळ

एखादी फळी चेपली, रबर गेलं, रोलर झिजले, यासाठी अख्खा दरवाजा काढायची गरज नाही. पण वरच्या फळीला मोटरचा हात जिथे जोडलाय तिथे पत्रा फाटत चाललाय, दोन-तीन फळ्या सांध्यांतून उघडल्यात, लाकूड आतून कुजलंय, किंवा त्या मापाची फळी आता मिळतच नाही, तेव्हा डागडुजी थांबवा.

नवा घेताना पत्र्याचा गेज विचारा. आकडा लहान तितका पत्रा जाड, २४ गेज हा २७ पेक्षा जाड. उष्णता अडवायची असेल तर इन्सुलेशन कारखान्यातच भरलेला दरवाजा घ्या, फळीच्या आत फोम भरलेला, म्हणजे वजन पहिल्या दिवसापासून हिशेबात असतं. चौकटीच्या वर मोकळी जागा मोजून द्या. वरच्या दांड्याच्या नेहमीच्या मांडणीला साधारण ३० सेंटिमीटर लागतात, कमी असेल तर वेगळा ट्रॅक घ्यावा लागतो. रुंद दरवाजाला आडव्या पोलादी पट्ट्यांचा आधार हवा, नाहीतर वर गेल्यावर तो मधोमध झोळ खातो.

आणि जुन्या स्प्रिंगा, जुना ट्रॅक ठेवून फक्त नव्या फळ्या लावून देतो असं कोणी म्हटलं तर नकार द्या. नवा दरवाजा नव्या वजनाचा असतो. बसवून झाल्यावर मोटर जोडण्याआधी त्यालाच सांगा, हा कमरेपर्यंत उचलून हात काढून दाखवा. मग त्याच्याकडून दरवाजाचं वजन आणि स्प्रिंगची मापं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मोटरच्या पेटीला आतून चिकटवा. आमच्या पेटीवर आता तो आहे, आणि त्याखाली मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: दरवाजाला काहीही जोडण्याआधी हा आकडा बघणे.